एक घुंगरू कमी

पन्नास साली निजामाचं टपालखातं दिल्लीच्या खात्यात मिळालं
तेव्हा एक नवा साहेब धारूरला आला,
टपालघरातलं सामान मोजायला.

शिक्का एक. लाखेची डबी, निम्मी.
कंदील एक, काच तडकलेली.
कातडी पट्टा पितळी बिल्ल्यासह.
भाला एक.
भाल्याची घुंगरं बा स्वतः मोजत होता, उर्दूत,
दस, ग्यारा,
आणि थांबला.
जुन्या वहीत बारा होती.

"बारावं कुठंय, इरबा?"
बा पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.
पगारातून चार आणे कापले,
तेही कलदार.
जन्मभर हाली सिक्क्यात पगार घेतलेल्या माणसाला
ते जरा जास्तच लागले.

बाला धावताना मी नीट पाहिलेलं नाही.
ऐकलंय.
पहाटे घाटाच्या अंगानं छन् छन् यायचं,
आई म्हणायची, आलं बाई टपाल.
नवरा आला, असं कधी नाही म्हणाली.

घाटात तरस, लांडगे, म्हणून ती घुंगरं.
अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मात्र
बानं एकेका घुंगरात कापूस कोंबला.
लांडग्याला ऐकू गेलेलं बरं असतं,
त्या साली माणसाला ऐकू जाणं बरं नव्हतं.
थैली खांद्यावर, भाला मुका,
रोजच्या रस्त्यावरची कुत्री
त्याला ओळखेनात, भुंकायची.

पोलीस ॲक्शन झाल्यावर कापूस काढला.
एकातला निघालाच नाही.
ते बद्द वाजायचं,
पडसं झालेल्या माणसासारखं.

बाला उर्दू यायची, मोडी यायची.
बाळबोध नाही.
पत्ते बदलले तसा तो रात्री माझी पाटी घेऊन बसायला लागला,
मी तिसरीत, तो पंचेचाळिशीत.
'ष' त्याला शेवटपर्यंत जमला नाही.
मळ्यातल्या शेषेरावांची पत्रं
कायम दुसऱ्या दिवशी पोचायची.

चौसष्टला मी खात्यात लागलो.
खाकी टोपी, सायकल, तिला एक घंटी.
बोरीवाडीला सायकल चढत नाही,
खाली लिंबाला टेकवून गेलो.
रेऊबाईच्या दारात कार्ड काखेत धरून
बिडी पेटवत होतो,
तेवढ्यात मागून शेळीनं कार्डाचा कोपरा खाल्ला.

कोपरा फाटलेलं कार्ड.
अक्षर न येणाऱ्यालाही तेवढं वाचता येतं.
रेऊबाईनं बघितलं आणि बसल्या जागी हंबरडा फोडला.
शेजारणी धावल्या, एकीच्या हाताला पीठ तसंच,
कुणाची तरी भाकर तव्यावर जळत होती.
"अवो मावशे, शेळीनं खाल्लं! शेळीनं!"
कोण ऐकतंय.
शेवटी त्या रडण्याच्या वर आवाज काढून वाचलं:
'म्हैस व्याली. पारडी झाली.
चीक तिकडं पाठवता येत नाही, जीव हळहळतो.
माझी तब्येत बरी आहे.'

आधी पीठवाली हसली.
मग रेऊबाईनं मला दोन शिव्या दिल्या,
शेळीला एक लाथ,
शेळीनं मान झटकली,
आणि
बद्द.

"हे घुंगरू कुठलं, मावशे?"
"टपालवाल्यानं देलतं. लई सालं झाली.
पोरगी रांगू लालती, आडाच्या काठाला जायची.
त्यानं भाल्याचं सोडलं आन् तिच्या पायात बांधलं.
म्हनला, तसं बी हे नीट वाजत न्हाई,
पर आईला ऐकू जाईल."

"आन् पोरगी?"
"अरं तिचंच कार्ड हाय की हे.
जावयानं लिवून देलं आसंल."

मी खिशातून चार आणे काढले.
ती म्हणाली, येडा का काय, शेळी हरवंल की माझी.

मी कार्ड तिच्या हातात दिलं.
तिनं ते छातीशी उलटं धरलं.
शेळी उरलेल्या तीन कोपऱ्यांकडं बघत होती.